विषय स्पष्ट लिहावा

नववी-दहावीच्या वर्गात मी दर वर्षी तक्रारपत्र शिकवतो. शाळा उर्दू माध्यमाची. त्यामुळं मराठी पत्राचा मायना, ‘मा. महोदय’, ‘आपला विश्वासू’ हे सगळं मुलांकडून घटवून घ्यावं लागतं. नमुन्याचा प्रश्नही ठरलेला असतो : मागवलेल्या पुस्तकांच्या गठ्ठ्यात काही पुस्तकं कमी आली आहेत, विक्रेत्याला तक्रारपत्र लिहा. वीस वर्षं मी फळ्यावर तेच तीन नियम लिहीत आलोय. विषय एका ओळीत स्पष्ट लिहावा. काय मागवलं, काय मिळालं आणि काय कमी आलं ते नेमकं लिहावं. शेवटी काय हवंय ते मागावं, रडगाणं गाऊ नये.

गेल्या वर्षी असं पत्र लिहायची वेळ माझ्यावरच आली. मागवलेल्या सामानात एक भाग कमी आला होता. सामान म्हणजे पुस्तकं नव्हती, पिस्तूल होतं. आणि वीस वर्षं तक्रारपत्र शिकवणाऱ्या मला ते पत्र पाच दिवस नीट लिहिता आलं नाही.

आधी पिस्तुलाचं सांगतो. माझी लेक माझ्याच शाळेत नववीत होती. सातवीत असताना शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी तिला आणि आणखी दोघींना सांगलीच्या एका क्लबमध्ये नेलं. शालेय स्पर्धांत नेमबाजी असते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. माझ्या लेखी छऱ्याची बंदूक म्हणजे उरुसात फुगे फोडायची. तिथं कळलं की दहा मीटरवरच्या एअर पिस्तुलात लक्ष्याच्या मधलं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं. म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. ते उभ्यानं, एका हातानं, हाताला कसलाही टेका न घेता टिपायचं. मोठ्या स्पर्धांत सव्वा तासात असे साठ नेम धरावे लागतात. बाकीच्या दोघी महिन्याभरात कंटाळल्या. ही टिकली. घरात पाण्याची बाटली हातात धरून भिंतीसमोर दहा-दहा मिनिटं उभी राहायची. अम्मी म्हणायची, या पोरीला कुणीतरी सजा दिलीय.

क्लबचं पिस्तूल जुनं होतं आणि सहा मुलांत मिळून एक. मूठ मोठ्या माणसाच्या हाताच्या मापाची. त्या मुठीला कापडी पट्टी गुंडाळून माझ्या लेकीनं दोन वर्षं सराव केला. सतरा वर्षांखालच्या गटात ती जिल्ह्यात दुसरी आली आणि विभागीय स्पर्धेसाठी निवडली गेली. त्या संध्याकाळी प्रशिक्षक मला बाजूला घेऊन म्हणाले, “सर, हिला आता स्वतःचं पिस्तूल घ्यायला हवं.” मी नकळत मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? माझी बायको तेच म्हणाली, पण वेगळ्या अर्थानं. “एवढं काय अडलंय? पोरीला बॅडमिंटन खेळू द्या.” मी तिला कोल्हापूरचं सांगितलं. आमच्या मिरजेपासून कोल्हापूर पन्नास किलोमीटर. तिथली तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला विश्वविजेती झाली. तिथल्याच राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं, आणि त्याचे वडील माझ्यासारखेच शिक्षक. एवढं सगळं ऐकून ती म्हणाली, “ते बरोबर आहे. पण त्यांच्या घरी पिस्तूल येणं वेगळं आणि आपल्या घरी येणं वेगळं.”

या वाक्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. मीही तोच विचार करत होतो.

म्हणून आधी कायदा वाचला. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे ज्या एअर गनची नळी .177 इंचापेक्षा मोठी नाही आणि जिची ताकद वीस ज्यूलपेक्षा जास्त नाही, तिला परवाना लागत नाही. ज्यूल म्हणजे काय ते आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारलं. त्यांनी खडू घेतला आणि स्टाफरूमच्या फळ्यावरच गणित मांडलं. छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गानं गुणायचं. उत्तर आलं साडेपाच-सहा ज्यूल. “मर्यादेच्या एक तृतीयांशसुद्धा नाही,” सर म्हणाले. मी म्हटलं, गणित बरोबर आहे, आता फळा पुसून टाका.

हे लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

पतसंस्थेचं कर्ज काढलं. पिस्तुलाची किंमत माझ्या दोन पगारांहून जास्त होती. प्रशिक्षकांनी सुचवलेल्या विक्रेत्याच्या संकेतस्थळावर मागणी नोंदवली. लेक अज्ञान, म्हणून बिल माझ्या नावावर. ओळखपत्राची आणि पत्त्याच्या पुराव्याची प्रत मागितली, ती दिली. नावाच्या रकान्यात आडनाव लिहिलं : शिकलगार. आणि तिथं क्षणभर थांबलो.

मिरजेबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. सैकल म्हणजे घासून लखलखीत करणं. हा शब्द अरबीतून फारसीत आणि तिथून आमच्या आडनावात आला. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी घासून त्यांना धार लावणारे. संस्थानी काळात ते हत्यारांचं काम कमी झालं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेतल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं करायला सुरुवात केली. लोखंडावर बसलेला हात भोपळ्यावर आणि लाकडावर बसवला. पुढं मिरजेचा तानपुरा आणि सतार देशभर गेली, 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आमच्या शाखेत वाद्यांचं काम कुणी केलं नाही. आजोबा विळ्या-कात्र्यांना धार लावायचे, अब्बा एसटीत होते आणि मी बी.एड. करून मास्तर झालो. म्हणजे आडनावात हत्यार आहे, घरात मात्र तीन पिढ्यांत भाजी चिरायच्या विळीपलीकडं काही नाही.

पार्सल शुक्रवारी संध्याकाळी आलं. प्रशिक्षकांनी बजावलं होतं, खोका उघडताना मोबाईलवर सलग चित्रण करा, आधी बाहेरची चिठ्ठी आणि सीलपट्टी दाखवा. मी दार लावलं, खिडकीचा पडदा ओढला. लेक म्हणाली, “अब्बा, उजेड तरी ठेवा, चित्रण कसं होणार?” पडदा अर्धा उघडला.

काळी पेटी निघाली. आत स्पंजच्या खाचेत पिस्तूल. डबीत हवेचे दोन सिलिंडर, दोन्ही रिकामे, तसेच येतात. षटकोनी पान्यांचा जुडगा. माहितीपुस्तिका. कारखान्यात तपासणीसाठी झाडलेल्या पाच छऱ्यांचा कागद. पाचही छर्रे जणू एकाच भोकातून गेलेले. नळीतून घालायची नारिंगी दोरी. नेम धरायची वेळ सोडून इतर प्रत्येक क्षणी ही दोरी नळीत असली पाहिजे, म्हणजे नळी रिकामी आहे हे लांबूनही दिसतं. क्लबमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेला पहिला नियम हाच. लेकीनं पिस्तूल हातात घ्यायच्या आधी दोरी घातली. मला फार बरं वाटलं.

मग ती यादी घेऊन एकेक वस्तू तपासायला लागली. यादीत नऊ वस्तू होत्या. खोक्यात आठ.

“अब्बा, भरायचा अडॅप्टर नै है.”

अडॅप्टर म्हणजे बोटाएवढा धातूचा तुकडा. एका बाजूनं पिस्तुलाचा सिलिंडर त्यात बसतो, दुसऱ्या बाजूनं हवा भरायचा पंप किंवा मोठी टाकी. तो नसला तर सिलिंडरमध्ये हवा भरता येत नाही, आणि हवा नसली तर दोन पगारांचं पिस्तूल म्हणजे कागदावर ठेवायचं वजन. विभागीय स्पर्धा पुढच्याच्या पुढच्या गुरुवारी होती. तेरा दिवस.

क्लबच्या पंपाचा अडॅप्टर दुसऱ्या बनावटीचा, त्याचे आटे जुळेनात. लेथवर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “सर, माप द्या, दोन तासांत करून देतो.” प्रशिक्षकांनी हात जोडले. या सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबानं हवा भरतात. गाडीच्या टायरमध्ये असते ती सव्वादोन बारच्या आसपास. “सर, एक आटा चुकला तर तो तुकडाच गोळी होईल. कंपनीचाच मागवा.” मीही विद्यार्थ्याला नाही म्हणून सांगितलं.

तेव्हा तक्रार करणं हाच रस्ता होता. आणि इथं माझी गाडी अडली.

शनिवारी सकाळी खोक्याचं वजन करायला कोपऱ्यावरच्या अण्णांच्या दुकानात गेलो. पाठवताना चिठ्ठीवर वजन छापलेलं असतं. आलेलं वजन तेवढंच भरलं तर वाटेत काही गेलेलं नाही, मुळात बांधतानाच राहिलंय, हे उघड होतं. कमी भरलं तर प्रश्न कुरिअरचा. सगळं होतं तसं परत भरून मी खोका काट्यावर ठेवला. वजन चिठ्ठीशी तंतोतंत जुळलं. अण्णांनी सहज विचारलं, “काय हो सर, सतारीचं सामान का?”

मी म्हणालो, “हो.”

अण्णांना मी तीस वर्षं ओळखतो. शाळेत असताना त्यांच्या दुकानातून उधारीवर वह्या नेल्यात. त्यांनी खोटं बोलण्याजोगं काहीच विचारलं नव्हतं. पण शिकलगाराचं पार्सल म्हणजे सतारीचं सामान, हा मिरजेचा अंदाज मला इतका सोयीचा वाटला की मी त्यात शिरलो आणि आतून कडी लावली.

घरी येऊन तक्रार लिहायला बसलो. लिहिलं : ‘आपणाकडून मागवलेल्या क्रीडासाहित्यातील एक सुटा भाग प्राप्त झालेला नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ पिस्तूल हा शब्द टाळला. अडॅप्टर हा शब्दही टाळला, कारण सिलिंडर, दाब, अडॅप्टर असे शब्द माझ्या नावाखाली एका ओळीत कसे दिसतील असं मनात आलं. मागणीचा क्रमांक लिहिला, पण बिलाची प्रत जोडली नाही, कारण बिलावर पिस्तूल लिहिलेलं होतं. चित्रणही पाठवलं नाही. माझा मेल कुणीतरी तिसराच वाचतोय आणि उद्या सकाळी गल्लीत गाडी उभी राहणार, असं चित्र डोळ्यांपुढं होतं. बातमीचा मथळासुद्धा मीच तयार केला होता. मराठीचा मास्तर ना, मथळे चांगले सुचतात.

सोमवारी उत्तर आलं. ‘सुट्या भागांवर परतावा मिळत नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ त्यांना वाटलं, मला एखादा सुटा भाग परत करायचाय. मंगळवारी पुन्हा लिहिलं : ‘सदर उपकरणासोबतचा आवश्यक भाग मिळाला नाही.’ त्याला ठरावीक उत्तर आलं : आपली तक्रार महत्त्वाची आहे, कृपया वस्तूचं नाव व छायाचित्र पाठवा. मी ते पाठवलं नाही. बुधवारी शाळेतून आलो, तर लेक पेटीपुढं बसलेली. तिनं पिस्तूल बाहेर काढून हातात धरलं होतं, नारिंगी दोरीसकट, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या एका तारखेवर नेम धरून उभी होती. पाण्याच्या बाटलीऐवजी आता पिस्तूल. फरक तेवढाच.

“काय उत्तर आलं?” तिनं विचारलं. मी मोबाईल दिला.

ती माझे दोन्ही मेल वाचत होती आणि मी तिच्या तोंडाकडं पाहत होतो. वर्गात वही तपासताना मुलं माझ्या तोंडाकडं पाहतात तसं.

“अब्बा, यात विषयच नाही.”

मी काही बोललो नाही.

“काय मागवलं ते नाही. काय कमी आलं ते नाही. तारीख नाही. काय पाहिजे तेही नाही. यातला एक मुद्दा चुकला की तुम्ही आमचा एक गुण कापता.” मग हळू आवाजात, घरच्या बोलीत, “कायको डरताय? चोरी का है क्या?”

मी तिला समजावायला लागलो. म्हटलं, बेटा, जग कसं आहे तुला माहीत नाही. भाड्याचं घर शोधताना मी काय ऐकलंय, गावाबाहेर परीक्षेच्या ड्यूटीला गेल्यावर नाव सांगितल्यानंतर समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे तुला माहीत नाही. ही भीती हवेतून आलेली नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “माहिती है मेरेकू. क्लब में सबको माहिती है मेरा नाम. पर रेंज पर नाम नै पूछते, स्कोर पूछते. और अब स्कोर काहे से करूं?”

ती भांडली असती तर मीही भांडलो असतो. पण ती फक्त पेटी बंद करून उठली.

माझ्या लक्षात एक गोष्ट आली ती त्या रात्री. माझी भीती खोटी नव्हती, पण तिची किंमत मी भरत नव्हतो. मी तर दोन मेल लिहून मोकळा झालो होतो. पाच दिवसांचा सराव बुडाला तो हिचा. आणि दुसरं म्हणजे, लपवावं असं काही नसताना लपवलं की साधी वस्तूही संशयाची दिसायला लागते. परवाना लागत नाही, बिल आहे, ओळखपत्र दिलंय, क्लबचं सभासदत्व आहे. हे सगळं कागदावर उजळ होतं. अंधार माझ्या शब्दांत होता. ‘क्रीडासाहित्यातील एक सुटा भाग’ असं लिहिणारा माणूस ‘दहा मीटर एअर पिस्तूल’ लिहिणाऱ्यापेक्षा जास्त संशयास्पद नाही का?

रात्री अकरा वाजता मी वही घेतली आणि वर्गात लिहून देतो तसं पत्र लिहिलं.

विषय : दहा मीटर एअर पिस्तुलासोबत सिलिंडर भरण्याचा अडॅप्टर न मिळाल्याबाबत.

पुढं मागणीचा क्रमांक, तारीख, मॉडेल. यादीत वस्तू नऊ, मिळाल्या आठ, न मिळालेली यादीतली सातवी. खोक्याचं पाठवतानाचं वजन आणि इथं केलेलं वजन सारखं, म्हणजे वस्तू बांधतानाच राहिली आहे. सोबत बिल, यादी, चिठ्ठीचं छायाचित्र आणि चित्रण. मागणी एकच : परतावा नको, अडॅप्टर पाठवावा. माझी मुलगी पुढच्या गुरुवारी विभागीय स्पर्धेत खेळणार आहे. आणि शेवटी कायद्याच्या दोन ओळी. 2020 च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे विक्रेत्यानं तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्यानं 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. हा मेल मी त्या अधिकाऱ्याच्याच पत्त्यावर पाठवला. तो पत्ता संकेतस्थळावर सुरुवातीपासून होता.

वाचकांपैकी कुणावर अशी वेळ आली तर उपयोगी पडेल म्हणून आणखी दोन गोष्टी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडं तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असला तरी. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीचं शुल्कही नाही. मला तिथवर जावं लागलं नाही.

कारण गुरुवारी सकाळी, दुसऱ्या तासाला, फोन आला. मी वर्गाबाहेर व्हरांड्यात आलो. पलीकडं एक तरुण मुलगी, आवाजावरून सकाळपासून असे वीस फोन केलेली.

“सर, तुमची पिस्तूलची कंप्लेंट आहे ना?”

“हो,” मी म्हणालो. घसा कोरडा.

“मॉडेल बिलावर आहे तेच ना? सिलिंडर लांब आहे की आखूड?”

“आखूड.”

“ओके सर. अडॅप्टर पॅकिंगमध्ये राहिलाय. स्टॉक आला की शनिवारी निघेल. अजून काही मदत?”

एवढंच. नाव वाचून आवाज बदलला नाही. खरं सांगायचं तर तिला कंटाळा आला होता. मी पाच दिवस ज्या क्षणाला घाबरलो होतो तो एका मुलीच्या कंटाळ्यात चाळीस सेकंदांत संपला. कुणी आपल्याकडं इतक्या निर्विकारपणे पाहावं याचा आनंद काय असतो, हे ज्यांना रोज मिळतं त्यांना सांगून कळणार नाही.

वर्गात परत आलो. मुलं विचारत होती, सर, कुणाचा फोन? म्हटलं, पत्राला उत्तर आलं.

अडॅप्टर शनिवारी निघाला आणि बुधवारी दुपारी पोचला. स्पर्धा गुरुवारी. संध्याकाळी क्लबमध्ये सिलिंडर भरला, पहिल्यांदा दोनशेवर काटा गेला. लेकीनं दहा छर्रे झाडले. गट छान आला, पण सगळा डावीकडं खाली. प्रशिक्षकांनी मान हलवली. नवं पिस्तूल, नवी मूठ, नवा घोडा. ते अंगवळणी पडायला निदान आठवडा लागतो. “उद्या जुनंच वापर,” ते म्हणाले. ती काही बोलली नाही. नळीत दोरी घातली, पेटी बंद केली आणि क्लबच्या पिस्तुलाच्या मुठीला पट्टी गुंडाळायला लागली.

मनू भाकरची गोष्ट नेमबाजांच्या घरात सगळ्यांना ठाऊक असते. 2021 साली टोकियोत पात्रता फेरी चालू असताना तिच्या पिस्तुलाचा लिव्हर तुटला, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात तिनं कांस्य मिळवलं. नेमबाजीत ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. परतीच्या बसमध्ये मी लेकीला हेच सांगायला गेलो. ती म्हणाली, “तिचा भाग तुटला होता अब्बा. आपला भाग तुटला नव्हता. आपण मागितलाच नव्हता.”

ती विभागात पाचवी आली. राज्यासाठी निवड झाली नाही. नवं पिस्तूल आठवडाभर आधी हाती असतं तर झाली असती का, हे सांगता येत नाही. पण पहिल्याच शनिवारी मी नीट पत्र लिहिलं असतं, तर तिला सरावाला पाच दिवस मिळाले असते. ही वजाबाकी चौथीच्या मुलालाही येते. विक्रेत्याची चूक एक अडॅप्टर विसरण्याची होती आणि ती त्यानं भरून दिली. माझी चूक भरून द्यायला कुठला तक्रार निवारण अधिकारी नाही.

आता ती दहावीत आहे. पिस्तुलाच्या पेटीत बिलाची प्रत आणि क्लबचं पत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवलेलं असतं. एसटीत कुणी विचारलं, “काय आहे गं पेटीत?” तर ती सांगते, “पिस्तूल. स्पर्धेचं.” काही जण सरकून बसतात, काही जण बघायला मागतात. ती दाखवत नाही, बसमध्ये पेटी उघडायची नाही हाही नियम आहे. मी शेजारी बसलेला असलो तर माझे कान अजून तापतात. भीती एका पत्रानं जात नाही. पण आता शब्द तिचा तिनं उच्चारलेला असतो आणि मला तो मागं घेता येत नाही.

परवा अण्णांच्या दुकानात साखर घ्यायला गेलो होतो. काट्याकडं पाहिलं आणि राहवलं नाही. म्हटलं, “अण्णा, गेल्या वर्षी मी तो खोका वजनाला आणला होता ना, त्यात सतारीचं सामान नव्हतं. लेकीचं पिस्तूल होतं, नेमबाजीचं.”

अण्णा पुडी बांधत होते. वर न पाहता म्हणाले, “मग त्या दिवशी तसं सांगायचं की. आमचा नातू तेच शिकायचं म्हणून डोकं खातोय. कुठल्या क्लबात जाते तुमची?”

मी क्लबचा पत्ता त्यांच्याच वहीत लिहून दिला. नाव, गल्ली, वेळ, प्रशिक्षकांचा फोन. सगळं स्पष्ट.